रडलेल्या जर्मनाची गाडी

आमच्याकडे जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगतो. गाडी जर्मनीहून आणलेली आहे. एका म्हाताऱ्याची होती. तो रविवारी चर्चला जाण्यापुरती ती बाहेर काढायचा, एरवी पांघरूण घालून गॅरेजात ठेवायचा. आणि मग आवाज खाली आणून सांगतात की विकताना तो जर्मन रडला. ही थाप इतकी जुनी झाली आहे की आता तिला गाडीही लागत नाही. कुणी म्हणालं, माझी सासू फार मायाळू आहे, की समोरचा म्हणतो, "हो, आणि जर्मन रडला."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेनियाची गोष्ट या रडण्यावाचून पुढे सरकत नाही.

गेनिया माझी शेजारीण. कुंपणापलीकडचं हिरव्या पत्र्याचं घर तिचं. पूर्ण नाव गेनोवेफा, पण त्या नावाने तिला फक्त पाद्री हाक मारतो, तीही वर्षातून एकदा, घरोघर आशीर्वाद द्यायला फिरतो तेव्हा. तिचा नवरा अल्बिन माझा लहानपणापासूनचा मित्र. तो काही वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला, गवत कापता कापता. मुलगा रादेक आयर्लंडला, तिथेच लग्न, तिथेच पोर. गेनिया गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. आमच्या दोंब्रुव्कात आज पस्तिशीच्या आत जो कोणी आहे तो तिच्या हातचं आंबट पिठाचं सूप पिऊन वाढलेला आहे, आणि ज्याने ते वाडग्यात उरवलं त्याला तिने पळीने टपली मारलेली आहे.

मी बस चालवायचो. सकाळी गावातून तालुक्याला, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा. पहाटेच्या फेरीला कोण कुठल्या खांबापाशी उभं असणार हे मला डोळे मिटून सांगता यायचं. मग कुणीतरी वर बसून हिशेब केला की एवढ्या थोड्या माणसांसाठी एवढं डिझेल जाळणं परवडत नाही, आणि बस बंद झाली. थांब्याचा पत्र्याचा निवारा तेवढा राहिला. त्यात आता कोंबड्या बसतात, आणि कधी कधी मी. त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरने माझी नजर तपासली आणि माझं लायसन्सही गेलं. मी ते कचेरीच्या खिडकीतल्या बाईच्या हातात दिलं, तिने खणात टाकलं, मी धन्यवाद म्हणालो आणि घरी आलो. बायकोला सांगितलं, बरं झालं, विमा वाचला. या गोष्टीवर मी नंतर कुणाशी बोललो नाही.

बसनंतर शाळेची पाळी आली. जूनमध्ये तिला कुलूप लागलं आणि उरलेली मुलं तालुक्याच्या शाळेला जोडली गेली. तिथल्या मुख्याध्यापिकेने गेनियाला निरोप धाडला की आमच्या स्वयंपाकघरात तुमची जागा राखून ठेवते, एक सप्टेंबरला सकाळी सहाला हजर व्हा. माणूस चांगला असला की असा निरोप येतो. पण सहाला पोचायचं कसं? मुलांची व्हॅन साडेसातला येते आणि तिच्यात मोठ्या माणसाला बसू देत नाहीत. माझा जावई रात्रपाळीहून त्याच वेळी उलट्या दिशेने घरी येत असतो. आणि रस्ता जंगलातून जातो, पायी जायचं म्हटलं तर सूप दुपारच्या ऐवजी रात्री शिजेल.

रादेकचं फोनवर एकच पालुपद होतं. आई, घर विकून टाक आणि इकडे ये, गॅरेजवरची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवलीय.

"रंगवून ठेवलीय म्हणतो," गेनिया मला कुंपणावरून म्हणाली. "मी काय चिमणी आहे, घरट्याची पेटी टांगली की येऊन बसायला? नातीला माझी भाषा येत नाही, मला तिची. दिवसभर खुणा करत एकमेकींना केळं दाखवत बसू."

पण थट्टा करून कोळसा येत नाही. पगार थांबला तर ते घर हिवाळ्यात गरम ठेवणं तिच्याने निभणार नव्हतं, आणि पेन्शनला अजून अवकाश होता. म्हणजे गणित सोपं होतं. सहाला पोचली तर घर राहणार, नाही पोचली तर आयर्लंड.

शाळा बंद होणार ही कुजबुज हिवाळ्यात सुरू झाली तेव्हाच ती गाडी चालवायला शिकू लागली होती. छप्पन्नाव्या वर्षी. शिकवणारा मास्तर तिच्या निम्म्या वयाचा, दारात यायचा आणि भोंगा वाजवायचा, आणि सगळी गल्ली पडदे सरकवून बघायची. रस्त्यावर ती बरी चालवायची. घोडं अडायचं ते परीक्षेच्या मैदानावर. तिथे खांबांच्या दोन रांगांमधून वळण घेत गाडी मागे आणायची असते, आणि आमच्याकडे धडधाकट तरुणही तिथेच गारद होतात. गेनिया पुन्हा पुन्हा नापास झाली. दर वेळी घरी येऊन कणीक एवढ्या जोरात मळायची की आवाज माझ्या अंगणात यायचा.

शेवटी मी माझ्या परसात घेवड्याच्या काठ्या वळणात रोवल्या आणि तिच्या हाती माझी एकचाकी हातगाडी दिली. म्हटलं, मागे बघ, पुढे नको, आणि उलटी ओढत ने. लोकांना फुकटचा तमाशा मिळाला. शेणखताची गाडी उलटी ओढत, मान मागे वळवून, एक विधवा बाई काठ्यांमधून नागमोडी चालली आहे. कुणीतरी कुंपणावरून विचारलं की गेनिया, हिला इंधन कोणतं घालतेस. ती म्हणाली, "तुझ्यासारख्यांच्या जिभा." जुलैत ती पास झाली. नव्या चालकाने मागच्या काचेवर हिरव्या पानाचं चित्र लावायची पद्धत आहे. तिने ते पान आधी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवलं, गाडीच नव्हती म्हणून.

आता पैशांचं. गेनियाकडे पैसे होते, पण ते दगडाचे होते.

आमच्याकडे नवरा गेला की थडग्यावर दोघांचा मिळून एक दगड बसवतात. त्याचं नाव, जन्म आणि मृत्यू. शेजारी तिचं नाव, तिचं जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. बाई आयुष्यभर दर रविवारी जाऊन ती कोरी जागा पुसते. अल्बिनच्या थडग्यावर अजून मातीचा उंचवटा आणि बर्चच्या लाकडाचा क्रूस होता. गेनिया दगडासाठी साठवत होती, पाथरवटाकडे जाऊन करड्या ग्रॅनाइटचा नमुनाही बघून आली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती त्याच्याकडे पुन्हा गेली आणि म्हणाली की तूर्त राहू दे.

ही बातमी गावात पोचायला बस लागत नाही. माझी बायको इर्मिना देवभीरू बाई आहे, जीभ मात्र तिने देवाला वाहिलेली नाही. ती दुकानात चारचौघींसमोर म्हणाली, "नवरा मातीखाली आणि ही चाकांवर." गेनिया तिथेच पाव घेत होती. तिने पाव पिशवीत घातला, सुटे पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, "तो मातीखाली आहे म्हणूनच मला चाकं लागतात, इर्मिना. तो असता तर त्याने सोडलं असतं."

इर्मिना घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच म्हणालो होतो.

ऑगस्टच्या शनिवारी आम्ही गाड्या बघत फिरलो. जावई त्याच्या गाडीतून न्यायचा, गेनिया मागे पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची, आणि माझ्या हातात जावयाचं ते यंत्र. काडेपेटीएवढं असतं, गाडीच्या पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं. आकडा मोठा आला की समजायचं, इथे गाडी ठोकलेली आहे, खड्डा लांबी भरून वरून रंगवलेला आहे. आमच्या देशात मुलगी बघायला जाताना फुलं नेतात आणि गाडी बघायला जाताना हे.

हमरस्त्यावर एक गाड्यांचा बाजार आहे, तारेवर रंगीत पताका लावलेला. तिथल्या मालकाने गेनियाला मावशी म्हणून हाक मारली तेव्हाच मी सावध झालो. त्याने लाल रंगाची एक छोटी गाडी दाखवली. आत नारळाच्या अत्तराचा घमघमाट, चाकांना काळं पॉलिश, काट्यावर किलोमीटर एवढे थोडे की गाडी म्हणे नुकतीच रांगायला लागली आहे. गेनियाने स्टिअरिंगवर हात फिरवला. ते जुन्या पळीच्या दांड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पत्र्याला यंत्र लावलं तर आकडे असे उड्या मारू लागले की त्या रंगाखाली पत्रा होता की नाही देव जाणे. मालकाने करार पुढे केला. त्यावर विकणारा म्हणून त्याचं नाव नव्हतंच. कुणा जर्मनाचं नाव होतं आणि खाली सहीसुद्धा होती. उद्या इंजिन रस्त्यात गळून पडलं तर तक्रार घेऊन त्या जर्मनाला शोधत फिरा.

"हाच रडला का?" गेनियाने त्या सहीवर बोट ठेवून विचारलं.

मालक मनापासून हसला. म्हणाला, "ढसाढसा, मावशी."

अशा गाड्या बघत महिना सरत आला. एक दलदलीच्या वासाची, पुरात बुडालेली. एक दोन गाड्यांची अर्धी अर्धी अंगं जोडून केलेली. प्रत्येक दारात रडणारा जर्मन. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आमचं तोंड तर शनिवारागणिक पोळत होतं. रादेकने विमानाचं तिकीट बघायला सुरुवात केली. गेनियाने त्याला सांगितलं, बघ, बघायला पैसे पडत नाहीत. पण त्या आठवड्यात ती कणीक मळत नव्हती, आणि ते मला बरं वाटलं नाही.

शेवटच्या शनिवारी आम्ही नदीपलीकडच्या गावात गेलो. जाहिरात वसंतापासून लागलेली होती आणि एका ओळीची होती. निळी, छोटी, जुनी, चालते. विकणारी बोझेना नावाची बाई, पंचेचाळिशीची, ॲप्रनवर आलुबुखाराच्या मुरंब्याचे डाग. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांकडे राहून त्यांची सेवा करणं हे तिचं काम. दोन महिने तिकडे, दोन महिने इकडे. आमच्या भागातल्या कितीतरी बायका असंच जगतात. तिने कोठाराचं दार उघडलं. आत विळे, पोती, आणि मधोमध ती गाडी, छातीएवढी उंच, तीन दारांची, निळा रंग उन्हाने फिकुटलेला. अत्तर नाही, पॉलिश नाही. मागच्या सीटवर केकचे कण.

मी विचारलं, कुणाची होती.

बोझेना जरा थांबली. तोंड आधीच लाल झालं होतं. "एका जर्मन आजोबांची. मी त्यांच्याकडे होते. फार थोडी चालवायचे. गॅरेजात ठेवायचे." मग मान खाली घालून तिने ते सांगून टाकलं. "आणि मी घेऊन निघाले तेव्हा ते रडले."

जावई हसून बाहेर निघाला. मीही हसलो. यंत्र खिशात घातलं आणि गेनियाच्या कोपराला धरून म्हटलं, चल, इथेही तेच रडगाणं.

"सगळे इथूनच परत जातात," बोझेना म्हणाली. रागाने नाही, थकून. "माझा भाऊ म्हणतो, सांग एका दारुड्याची होती, खड्ड्यातून हाणायचा. निदान लोक बसून तरी बघतील. पण मी खोटं का सांगू? जे झालं ते झालं."

गेनिया जागची हलली नाही. तिने माझा हात कोपरावरून बाजूला केला.

"का रडले?" तिने विचारलं.

 हा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारताना ऐकला नव्हता. वर्षानुवर्षं जर्मन रडतो आहे, लग्नात, बाजारात, दारूच्या दुकानापुढे, आणि अख्ख्या देशात एकालाही वाटलं नाही की का म्हणून विचारावं.

बोझेनाने ॲप्रनला हात पुसले आणि पोत्यावर बसली. आजोबांचं नाव एकहार्ट, नव्वदीला आलेले, बायको केव्हाच गेलेली. चर्चला ते कधी जात नसत, देवाशी त्यांचं जुनं भांडण होतं. पण दर गुरुवारी गाडी काढून शेजारच्या गावातल्या बेकरीत जायचे. बेकरी त्यांच्या घरासमोरही होती, तरी त्याच बेकरीत. आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे घ्यायचे, एक नदीकाठी गाडीतच बसून खायचे, दुसरा बोझेनासाठी आणायचे. या वर्षी थंडी सरता सरता त्यांनी मागे घेताना स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली. कुणाला काही लागलं नाही. मागचा उजवा कोपरा चेपला. आजोबांनी तो आतून हातोडीने ठोकून काढला आणि खिडक्या रंगवायच्या निळ्या रंगाने कुंचला घेऊन रंगवला, मुलीला दिसू नये म्हणून. मुलगी शहरातून आली आणि तिला तेच पहिलं दिसलं. तिने आरडाओरडा केला नाही. खुंटीवरची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, बाबा, आता कुठे जावंसं वाटलं की बोझेनाला सांगत जा.

"गाडी मोडीत काढायची असं ठरलं होतं. आजोबा म्हणाले, मोडीत नको, बोझेनाला द्या. मला नावापुरत्या किमतीत करून दिली. मी निघाले तेव्हा ते सपाता घालून फाटकात उभे होते आणि रडत होते. मी म्हटलं, आजोबा, मी जपेन हो गाडीला. ते म्हणाले, गाडीसाठी नाही रडत मी. आजवर गुरुवार माझा होता. आता तो मला कुणाकडे तरी मागावा लागेल."

मला तो खण आठवला. खिडकीतली बाई, तिने न बघता आत टाकलेलं माझं लायसन्स, आणि धन्यवाद म्हणणारा मी. मी तेव्हा रडलो नव्हतो. त्या कोठारात मात्र मी यंत्र काढलं आणि कुणी तोंड बघू नये म्हणून गाडीच्या मागे गेलो.

डावीकडे आकडा ठीक. छप्पर ठीक. दारं ठीक. मागच्या उजव्या कोपऱ्याला यंत्र टेकवलं आणि आकडा टुणकन वर गेला. वाकून पाहिलं तर रंगात कुंचल्याचे केस अडकलेले. त्या संबंध महिन्यात एकाही विकणाऱ्याने मला दोष दाखवला नव्हता, मीच शोधून काढले होते. इथे यंत्र खिशात असताना बाईने सगळं सांगून टाकलेलं.

"काय म्हणतंय?" गेनियाने विचारलं.

"म्हणतंय की जर्मन रडला," मी म्हणालो.

ती आत बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. कोठाराच्या बाहेर आलुबुखाराची झाडं आणि दुसऱ्या बाजूला विहीर, मधून वळण घेत मागे आल्याशिवाय रस्त्याला लागताच येत नव्हतं. जावई म्हणाला, मी काढून देतो. गेनियाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान मागे वळवली, तोंडाने काहीतरी पुटपुटत क्लच सोडला, आणि गाडी झाड आणि विहीर यांच्यामधून शेणखताच्या हातगाडीसारखी शहाण्यासारखी मागे आली. मी तिच्या खिडकीजवळून चालत होतो म्हणून ऐकू आलं. ती म्हणत होती, मागे बघ, पुढे नको.

तिने घासाघीस केली नाही. मला राहवेना, मी डोळ्याने खुणावत होतो, पायावर पाय दिला. ती बोझेनाला म्हणाली की पैसे दगडाचे आहेत, मोजून घे, कमी नसतील. बोझेनाने कसला दगड म्हणून विचारलं, गेनियाने सांगितलं, आणि दोघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्याकडे बायका ओळख व्हायला वेळ घेत नाहीत. बोझेनाने हिवाळी टायर फुकट दिले आणि मुरंब्याची बरणीही. संध्याकाळी आमच्या अंगणात गाडी ओली केली, म्हणजे एक पेला तिच्या चाकावर आणि बाकीचे आमच्या घशात. त्याशिवाय नवी गाडी टिकत नाही. इर्मिना खिडकीतून बघत होती. मग खसखशीचा केक घेऊन बाहेर आली आणि म्हणाली की बोनट तरी पुसून घ्या, लाज वाटते बघायला.

एक सप्टेंबरला पहाटे मी तयार होऊन बसथांब्यावर उभा होतो. म्हटलं, पहिला दिवस, जंगलचा रस्ता, धुकं, शेजारी कुणी जाणतं बसलेलं बरं. निळी गाडी आली, मागच्या काचेवर खिडकीवरून खरवडून आणलेलं हिरवं पान. तिने वेग कमी केला, काच खाली केली.

"थांब्यावर थांबू नये, दंड होतो. तूच शिकवलंस."

"मी येतो बरोबर."

"नको, लुत्सियान. आज तू आलास तर उद्याही मला तू लागशील."

आणि गेली. धुक्यात मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत मी उभा राहिलो, कोंबड्या पायांत घुटमळत होत्या. वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही सारखंच. सव्वासहाला फोन आला. पाठीमागे पातेल्यांचा आवाज. ती एवढंच म्हणाली की इथल्या पळ्या फार हलक्या आहेत, टपलीला उपयोगाच्या नाहीत.

पुढचे दोन महिने गावाने तिला नावं ठेवली आणि तोच गाव तिच्या गाडीत बसून दवाखान्यात गेला. मृतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सगळा गाव शेवंतीच्या कुंड्या आणि काचेचे दिवे घेऊन कबरस्तानात जातो. गेनियाने मागची सीट पाडली आणि सकाळपासून कुंड्या आणि म्हाताऱ्या वाहून नेल्या. शेवटच्या फेरीला पुढे इर्मिना बसली, मांडीवर तीन कुंड्या घेऊन, आणि मी मागे पानाफुलांत दुमडून.

अल्बिनच्या मातीच्या उंचवट्यावर गेनियाने फुलं मांडली, दिवा लावला. दोन्ही बाजूंना चकचकीत ग्रॅनाइट, मधे तो बर्चचा क्रूस. येणारेजाणारे बघत होते. तिने हाताने माती सारखी केली आणि मोठ्याने म्हणाली, लपवायचं काही नसल्यासारखं, "दगड येईल, अल्बिन. घर आधी." इर्मिनाने आपल्या कुंड्यांतली सगळ्यात मोठी उचलली आणि तिथे ठेवली. इर्मिनासाठी ते फार होतं.

मग गेनियाने पिशवीतून आणखी एक दिवा काढला आणि कबरस्तानाच्या मधल्या मोठ्या क्रुसाकडे निघाली. ज्यांची थडगी दूर आहेत किंवा कुठे आहेत तेच माहीत नाही, त्यांच्यासाठी तिथे दिवे लावतात. माझ्या आजोबांचाही तिथेच लागतो. त्यांना युद्धात जर्मनांनी नेलं होतं, परत आले नाहीत, आणि आजीने मरेपर्यंत दर वर्षी तिथे दिवा ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"बोझेनाचा फोन आला होता मागच्या आठवड्यात. एकहार्ट गेले. बुधवारी रात्री, झोपेत." तिने दिवा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आजोबांचं तिला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. "तुझ्या आजोबांशेजारी ठेवू, की पलीकडे?"

मी आजोबांचा दिवा थोडा बाजूला सरकवला आणि खिशातली काडेपेटी काढली. वारा होता, माझी नजरही धड नाही. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा गेनियाने आडोशाला तळवा धरला आणि दिवा लागला.

परत फाटकापर्यंत आम्ही तिघं चालत आलो. निळ्या गाडीचा मागचा उजवा कोपरा दिव्यांच्या उजेडात वेगळा दिसत होता, तिने तो पुन्हा रंगवून घेतला नव्हता. गेनियाने कोटाच्या खिशातून किल्ली काढली.

"बसा," ती म्हणाली. "मला उद्या सहाला पोचायचंय."